स्वतःच्या छायाचित्रांचे कोलाज

कोलाज हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘चिकटवणे’ असा आहे. १९१२ च्या सुमारास पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी वर्तमानपत्राचे तुकडे, भिंतीला लावावयाचा छापील कागद, मेणकापड अशा वस्तू चित्रावर डकवल्या आणि चित्रकलेत या प्रकाराला मानाचे स्थान मिळाले. शाळेत जुन्या मासिकांतील चित्रे कापून, घरच्या खळीने चिकटवून तक्ते आपण सर्वांनीच केलेले आहेत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो त्याच उद्योगाच्या आजच्या रूपाचा. कात्री आणि खळ यांच्या जागी संगणक वा मोबाइल आला आहे. कापावयाची चित्रेही दुसऱ्याच्या मासिकातली नाहीत, आपणच टिपलेली निसर्गाची छायाचित्रे आहेत.

छायाचित्रे जोडण्याची कल्पना संगणकाबरोबर आली असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे हा छायाचित्रकार समुद्राची चित्रे घेत होता. त्या काळच्या काचेवरील रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे पडत असे. त्याने काही चित्रांसाठी समुद्राची एक काच व आकाशाची दुसरी काच घेतली आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकच चित्र छापले. गंगापूर धरणावर भर दुपारी फोटो काढणाऱ्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावयास नको. आजचा मोबाइल कमी-अधिक प्रकाशाच्या अनेक प्रतिमा क्षणार्धात घेऊन आपणच एकत्र करतो. म्हणजे ज्याला आपण साधा फोटो समजतो तोही बऱ्याच वेळा जोडलेलाच असतो!

आपल्या नाशिककरांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रकला, छायाचित्रण व छपाई या तिन्ही विद्या हाताळल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्यापूर्वी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाचे थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वेल झाला. याला कोलाज म्हणता येणार नाही, हे मान्य. परंतु स्वतः घेतलेली निसर्गाची अनेक चित्रे शेजारी ठेवली म्हणजे एकट्या चित्रात नसलेली गोष्ट दिसू लागते, हे त्यात आहेच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. निम्मे काम फोटो काढतानाच होत असते. पान, शेंग, फांदी यांचे फोटो मोकळ्या आकाशासमोर धरून घ्यावेत. पार्श्वभूमी साधी असली की कापणे सोपे जाते. ढगाळ दिवस उत्तम, कारण सावल्या कडक पडत नाहीत. उन्हात घेतले तर सर्व चित्रांत प्रकाश एकाच बाजूने येईल असे पाहावे. चित्रातील एका झाडाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडली तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतेच. झाडांच्या साली, चिखलाच्या भेगा, पाण्यावरचे तरंग यांचे जवळून घेतलेले फोटो अवश्य जमवावेत. ते नुसते पाहिले तर कंटाळवाणे असतात. कोलाजमध्ये मात्र तेच सर्वांत जास्त कामाला येतात.

संगणकावर ‘गिंप’ हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यातील मुख्य कल्पना थरांची, म्हणजे लेयरची. एकावर एक काचा ठेवाव्यात आणि प्रत्येक काचेवर एक तुकडा असावा, तसे हे थर. नको असलेला भाग खोडरबराने पुसू नये. त्यावर मास्क घालावा. मास्कवर काळे रंगवले की तो भाग झाकला जातो, पांढरे रंगवले की परत दिसतो, आणि मूळ चित्राला धक्का लागत नाही.

दोन थर मिसळण्याच्या रीतींपैकी ‘मल्टिप्लाय’ ही एक तरी नीट समजून घ्यावी. नावाप्रमाणे तो खरोखर गुणाकार आहे. पांढऱ्याची किंमत १ व काळ्याची ०. कोणत्याही रंगाला १ ने गुणले तर तो तसाच राहतो, म्हणून वरच्या थरातील पांढरे आकाश नाहीसे होते आणि फांदी तेवढी खालच्या चित्रावर उमटते. शाळेत गणिताला घाबरणाऱ्या माझ्यासारखीला हा गुणाकार फार आवडला.

चित्र ए-४ कागदावर स्वच्छ छापावयाचे असेल तर साधारण ३५०८ गुणिले २४८० बिंदू लागतात. साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याला पुरतो. मात्र तो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवला तर आकसतो. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आमच्या घरी मी पहिलीच कॉलेजात आलेली. आई निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला जाते. मी एका कोलाजमध्ये ऑक्टोबर छाटणीनंतरची द्राक्षाची कोवळी फूट, आंब्याचा मोहोर आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावरचे पक्षी मुद्दाम एकत्र आणले होते. आईने ते क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “अगं, मोहोर येतो तेव्हा मण्यात पाणी उतरायला लागतं. तेव्हा कुठली एवढी कवळी फूट?” माझ्या वर्गातील एकाही मैत्रिणीच्या हे लक्षात आले नव्हते. मला सर्व ऋतू एका चौकटीत हवे होते, म्हणून मी चित्र बदलले नाही. मात्र खाली प्रत्येक तुकड्याचा महिना व गाव लिहिले. निसर्गाच्या कोलाजला अशी ओळ असावीच, असे माझे मत आहे. अंजनेरीच्या डोंगरावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाच्या कुळातील दुर्मिळ वनस्पती आढळते. तिचे फूल कोणी हौसेने दुसऱ्याच डोंगराच्या चित्रावर डकवले आणि खाली काही लिहिले नाही, तर उद्या एखादा विद्यार्थी तिला तेथे शोधत फिरेल.

बिबट्याच्या बाबतीत तर ही नुसती चुकीची माहिती राहत नाही. आमच्याकडे उसात बिबट्या खरोखरच असतो. कोणी गंमत म्हणून त्याचे चित्र गावच्या रस्त्याच्या फोटोवर जोडून फिरवले, तर दुसऱ्या दिवशी बायका कामावर जात नाहीत आणि तेवढी मजुरी बुडते. सांधे उघड ठेवलेल्या कोलाजपासून हे भय नाही. म्हणून कडा थोड्या दिसू द्याव्यात, आकार बेधडक लहानमोठे करावेत. पाहणाऱ्याला हे रचलेले आहे हे कळले तरी चित्राची मौज कमी होत नाही.

शेवटी मूळ फोटोंविषयी. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला नाशिककरांनी विरोध केला, तेव्हा अनेकांनी तेथील झाडांचे फोटो काढून ठेवले. मीही काढले. त्यांतील एका वडाची साल माझ्या तीन कोलाजांत आहे. परंतु कापाकापीसाठी नेहमी प्रत घ्यावी. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि नावात तारीख, जागा व झाड लिहावे. त्या वडाचे कोलाज पुन्हा केव्हाही करता येईल, पण त्या दिवशी ते झाड कसे उभे होते हे सांगावयास तेवढा मूळ फोटोच आहे.