वखारीतला ऐन

"बघून घ्यायचं होतं ना!" हे मला अजूनही कोणी ना कोणी ऐकवतं. बघूनच घेतलं होतं. काळे कुळकुळीत, सरळ, जड वासे. ज्याला लोकांना दाखवायचंच वेगळं आहे, त्याच्याकडे कितीही डोळे फाडून बघा, तो दाखवेल तेवढंच दिसणार.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनच्या बाजूला काय करून ठेवलं, ते नव्याने सांगत नाही. आमचं मागचं पाखं गेलं आणि परसातला सासऱ्यांच्या वेळचा फणस पडवीवर आडवा झाला. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. नंतर वासे घ्यायला गेले, तर वखारीत हीऽ गर्दी. वखारवाला गोडीत म्हणाला, "वहिनी, तो फणस मला द्या. बदल्यात ऐनाचे तयार वासे देतो, वरचा फरक तेवढा द्या. कागदांचंही मीच बघतो." खोडाचा घेर त्याने मोजला, दर त्याने लावला, हिशेबही त्यानेच केला. मी फरकाचे पैसे रोख मोजले. त्याने चिठ्ठी दिली.

वासे चढले, रिपा ठोकल्या, कौलं बसली. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी अंथरुणं काढताना चादरीवर पिठासारखी भुकटी दिसली. मुलांनी काही सांडलं असेल म्हणून झटकली. दुपारी तिथेच पुन्हा बारीक ढीग. शिडी लावून वर गेले. वाशाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती आणि गंमत म्हणजे सगळी एकाच कडेला, ओळीने. दुसऱ्या कडेला एकही नाही. शेजारच्या वाशाचंही तेच.

आमच्या वाडीतले सुतारकाका आले. बोलले काहीच नाहीत. रंधा काढला आणि त्या भोकांच्या कडेवर दोन हात मारले. काळी साल निघाली, तिला जळक्या तेलाचा वास. खाली लाकूड पांढरंफटक. मग त्यांनी वाशाच्या टोकाला करवत लावून चकती कापली आणि माझ्या हातात दिली. ऐनाचा गाभा खरंच होता, पण अर्ध्याहून कमी. बाकी सगळा बाहेरचा पांढरा भाग. "भुंगेऱ्याला हाच लागतो," काका म्हणाले. कच्च्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, त्यावर ही कीड जगते. गाभ्याच्या वाटेला ती सहसा जात नाही. एका कडेच्या भोकांचा उलगडा तेव्हा झाला. दोन वासे तर ऐनाचे नव्हतेच. कशाचे, ते काकांनाही सांगता आलं नाही.

चकती घेऊन वखारीत गेले. त्याने आधी चहा मागवला. चकतीकडे न बघताच म्हणाला, "वाळवी असेल वहिनी. जुनं घर, जमिनीतून येते. औषध मारा." वाळवी मातीच्या नळ्या करून चढते, असा कोरडा भुसा पाडत नाही, हे मी सांगितलं. त्यावर, "भाऊंना पाठवा, लाकडाचं बायकांना कळत नाही." मी चिठ्ठी पुढे केली. ती त्याने वाचली आणि हसून परत दिली. "यात ऐन कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. 'वासे' आणि आकडा, बस्स. आणि मी तिथे उभी असतानाच दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच माणूस तसेच काळे वासे दाखवत होता.

मापातही तेच. वखारीचा हिशेब घनफुटाचा असतो : लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत, गुणाकार करून १४४ ने भागायचं. १२ फुटी, ४ बाय ३ चा वासा म्हणजे बरोबर १ घनफूट. माझे वासे साडेतीन बाय अडीच भरले. म्हणजे पाऊण घनफुटाच्याही आत, आणि पैसे पुऱ्याचे. यावर त्याचं उत्तर, "चार सूत करवतीत जातंच." जातं ना, पण ते गिऱ्हाइकाच्या खिशातून का?

तेव्हा ज्यांच्या घराचं काम निघालंय, त्यांनी ऐका. तेल किंवा काव फासलेलं लाकूड घेऊच नका. लाकूड चांगलं असेल तर ते उघडं दाखवायला कोणाची हरकत नसते. दोन्ही टोकं ताजी कापायला लावा, पांढरा भाग किती ते तिथेच दिसतं. ओलं लाकूड वजनाला जड लागतं, म्हणून वजनावर भुलू नका. ऐन तर घाईने वाळला की फाटतो आणि पिळतो. शक्य असेल तर सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, एक उन्हाळा तरी रचून ठेवा. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं पाणी द्यायचं ते लाकूड उघडं असताना, चढवायच्या आधी. तेलाच्या थरावरून ते आत मुरत नाही, हे मला दोन डबे वाया गेल्यावर कळलं. चार ठिकाणी भाव काढा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात. डोक्यावर ताडपत्री फडफडत असताना ते कसं जमवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणि कागद. फणस, आंबा, ऐन, किंजळ, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या परसातली असली तरी. 'मी बघतो' म्हणणाऱ्याच्या हाती कागद सोडू नका. पावती पक्की घ्या. तीत लाकडाची जात, माप, नग आणि घनफूट लिहून घ्या. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण पुढे काय ठेवणार? माझ्याकडे होती ती चिठ्ठी दाखवल्यावर वकिलांनी मान हलवली.

सात वासे बदलले, किंजळाचे, दुसऱ्या तालुक्यातून आणून. टोक कापू न देणाऱ्या वखारीतून तसेच बाहेर पडा. लाकूड दुसरीकडेही मिळतं.