यंत्रांचे गट कसे पाडायचे? सेल्युलर मॅन्युफॅक्चरिंगमधील क्लस्टरिंग

पारंपरिक वर्कशॉपची मांडणी आठवा. सगळे लेथ एका ओळीत, ड्रिल मशीन दुसऱ्या कोपऱ्यात, ग्राइंडर तिसरीकडे. जॉबवर प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं, पण तो ट्रॉलीवर पडून राहतो दिवसेंदिवस. यावरचा उपाय म्हणजे सेल: ज्या भागांना साधारण तीच यंत्रं लागतात ते भाग आणि ती यंत्रं शेजारी आणायची. इंग्लंडमध्ये जॉन बर्बिज यांनी त्यासाठी भागाचा आकार न बघता त्याचा यंत्रांवरून होणारा प्रवास बघायचा, असा आग्रह धरला. आपणही तेच करू.

चार यंत्रं, पाच भाग घेऊ. भागाला यंत्र लागतं तिथे १, नाहीतर ०.

लेथ: १ ० १ ० ०
मिलिंग: ० १ ० १ १
ड्रिल: १ ० १ ० १
ग्राइंडर: ० १ ० १ ०

जे. आर. किंग यांची १९८० मधली रँक ऑर्डर क्लस्टरिंग पद्धत इथे लावू. स्तंभांना डावीकडून १६, ८, ४, २, १ असे भार द्या आणि प्रत्येक ओळीची बेरीज करा. लेथ २०, मिलिंग ११, ड्रिल २१, ग्राइंडर १०. उतरत्या क्रमाने लावलं की ड्रिल, लेथ, मिलिंग, ग्राइंडर. आता या ओळींना वरून ८, ४, २, १ भार देऊन स्तंभांची बेरीज करा: भाग १ आणि ३ ला १२, भाग ५ ला १०, भाग २ आणि ४ ला ३. स्तंभ त्या क्रमाने लावा:

भाग: १ ३ ५ २ ४
ड्रिल: १ १ १ ० ०
लेथ: १ १ ० ० ०
मिलिंग: ० ० १ १ १
ग्राइंडर: ० ० ० १ १

पुन्हा ओळी मोजल्या तरी क्रम बदलत नाही, म्हणजे थांबायचं. ड्रिल-लेथ हा एक सेल, मिलिंग-ग्राइंडर हा दुसरा. परीक्षेत बरीच मुलं इथेच पेन खाली ठेवतात. पण भाग ५ चं काय? त्याला ड्रिलही हवं आणि मिलिंगही. त्याला कुठेही टाका, एक १ गटाबाहेर राहतो आणि गटात एक ० शिरतो. एकूण १ दहा आहेत, म्हणून ग्रुपिंग एफिकसी = (१० − १) ÷ (१० + १) = ०.८२. दोन्हीकडे तीच! गणित इथे हात वर करतं. ड्रिल मशीन मिलिंगपेक्षा सहसा बरीच स्वस्त असते, म्हणून मी भाग ५ मिलिंगकडे ठेवून तिथे एक छोटी ड्रिल द्यायला सांगेन. अर्थात, तेवढं काम असेल तर.

दुसरा रस्ता साम्य गुणांकाचा, मॅकऑली यांचा, १९७२ मधला. दोन्ही यंत्रांवर जाणारे भाग भागिले दोघांपैकी निदान एकावर जाणारे भाग. लेथ-ड्रिल २/३, मिलिंग-ग्राइंडरही २/३, ड्रिल-मिलिंग फक्त १/५, बाकी जोड्या शून्य. गट तेच येतात. मात्र सिंगल लिंकेजमध्ये सांभाळा: दोन गटांतली एकच जोडी जवळची निघाली तरी अख्खे गट चिकटतात. सरासरी घेतली तर आपल्या दोन गटांतलं साम्य ०.२ ऐवजी ०.०५ येतं.

आणखी एक. या सारणीत महिन्याला दहा नग लागणारा भाग आणि दहा हजार लागणारा भाग, दोघांनाही १ च मिळतो. म्हणून यंत्रं हलवण्याआधी रूट कार्डाशेजारी नगांची संख्या लिहून घ्या.