शटरला आधी बोलतं कर

अगं, मोबाईलवरून गॅरेजचं शटर उघडायची हौस तुला आली, मला आवडलं. भाओजींच्या शिफ्टच्या वेळी भर पावसात गाडीतून उतरून शटर ओढायचं म्हणजे वैतागच. पण तू पाहिलेल्या व्हिडिओतल्या माणसाचं दार आणि तुझं बोईसरचं शटर यांत मोठा फरक आहे. त्याचं दार वर सरकून छताखाली आडवं होतं. शिवाय अमेरिकेत 1993 पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना वाटेतला अडथळा ओळखायची सोय कायद्यानेच द्यावी लागते. तुझं शटर लोखंडी पट्ट्यांचं, एमआयडीसीतल्या गाळ्यांना असतं तसलं. मोटर बसवणाऱ्याने वर, थांब, खाली अशी तीन बटणं दिली, वर-खाली थांबायची लिमिट लावली आणि पैसे घेऊन गेला. खाली पोर उभं आहे की स्कूटर, हे त्या मोटरला कळत नाही.

म्हणून शटर हलवणाऱ्या रिलेला आत्ता हातच लावू नकोस. शटर बंद आहे की उघडं, एवढंच आधी फोनवर दिसू दे. त्याला लागतो एक ईएसपी32 बोर्ड आणि एक रीड स्विच. शटरच्या सगळ्यात खालच्या पट्टीला लोहचुंबक, चौकटीला स्विच, झालं. हा स्विच काचेच्या नळीत सीलबंद असतो, त्यामुळे आपल्याकडच्या हवेत टिकतो. एकीकडून चिंचणी-नवापूरची खारी हवा, दुसरीकडून कारखान्यांचा धूर. उघड्या पत्र्याच्या खटक्याचं इथे काय होतं ते तू गेटच्या कडीवर बघतेसच. बोर्डाला मात्र बंद डबी हवी आणि वायर डबीत खालून घे, म्हणजे पाणी वायरीवरून आत उतरणार नाही. आणखी एक. हा बोर्ड वायफायचा फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा पकडतो आणि लोखंडी शटर सिग्नल अडवतं, म्हणून डबी घराच्या बाजूच्या भिंतीवर लाव.

पावसाळाभर एवढ्यावरच राहा. खरं सांगू? रात्री अंथरुणात पडल्यावर ‘शटर लावलं का गं?’ हा प्रश्न मिटला की निम्म्या लोकांची हौस तिथेच भागते.

तुझी नाही भागणार, माहीत आहे मला. तर मग रिले. 230 व्होल्टची मोटर त्या चिमुकल्या रिलेतून चालवायची नाही, त्यावर दहा अँपिअर छापलेलं असलं तरी. सुरू होताना मोटर खूप जास्त करंट ओढते, त्यात रिलेचे संपर्क चिकटले तर शटर थांबायचं नाव घेणार नाही. मोटरच्या कंट्रोल बॉक्समध्ये भिंतीवरच्या बटणांसाठी टर्मिनल असतात. रिले त्यांनाच समांतर जोडायचा आणि अर्धा सेकंद दाबून सोडायचा, बोटाने बटण दाबल्यासारखा. बॉक्सच्या आतलं काम वायरमनकडून, मेन बंद करून. तो ‘साहेब घरी आहेत का?’ विचारेलच. त्याला चहा दे आणि आकृती तूच समजावून सांग.

आता सगळ्यात महत्त्वाचं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 पासून तारापूरला आहे, तरी तुझ्याकडची लाईट जायची ती जातेच. जाण्याचं काही नाही, येताना घात होतो. बोर्ड जागा होत असताना त्याच्या काही पिना क्षणभर आपोआप चालू होतात. रिले त्या पिनेवर असेल तर लाईट आल्याबरोबर टक् आणि भर दुपारी, घरात कोणी नसताना, शटर वर! मोटर जोडण्याआधी नुसता बोर्ड आणि रिले लाव, बोर्डाची वीज पुन्हा पुन्हा बंद-चालू कर आणि कान देऊन ऐक. आवाज आला तर पिन बदल. बोर्डाच्या ईएसपीहोम प्रोग्राममध्ये रिले सुरुवातीला नेहमी बंदच राहील असं लिहून ठेव.

बाहेरून उघडायला माझी फारशी हरकत नाही. बाहेरून बंद करायला आहे. अडथळा ओळखणारा किरणांचा सेन्सर शटरच्या दोन्ही बाजूंना बसेपर्यंत ‘खाली’चं बटण फोनवर ठेवूच नकोस. तो बसल्यावरसुद्धा आधी पाच सेकंद भोंगा वाजू दे, मग शटर हलू दे.

सगळं घरातच चालेल असं कर, घरच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या होम असिस्टंटवर. तिकडे अमेरिकेत गॅरेजच्या दारांची यंत्रं बनवणाऱ्या चेंबरलेन कंपनीने 2023 मध्ये, फोनवरून दार चालवायच्या आपल्या मायक्यू सेवेतून बाहेरच्या अ‍ॅपना हुसकावलं आणि होम असिस्टंटवाल्यांना मायक्यूची जोडणी काढून टाकावी लागली. लोकांची दारं जागच्या जागी, पण अ‍ॅप मुकं. कंपनीच्या मर्जीवर आपलं शटर कशाला? बाहेरून बघायला व्हीपीएन लाव. राउटरचं पोर्ट उघडून देऊ नकोस.

मोटरची हातसाखळी तर मुळीच काढू नकोस. डहाणू-तलासरीकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत आलेत आणि एमआयडीसीतल्या आगी काही तुला नव्या नाहीत. लाईट नसताना शटर हाताने वर गेलं पाहिजे. भाओजी नाइटला असतात, तेव्हा साखळी तुलाच ओढायची आहे, एकदा ओढून बघ. जड गेली तर फॅब्रिकेटरला बोलावून स्प्रिंगचा ताण बघून घे. स्प्रिंगला स्वतः हात लावायचा नाही.

आणि भिंतीवरची ती तीन बटणं तशीच राहू देत. सासूबाईंना अ‍ॅप शिकवत बसू नकोस. दुधवाला आला की त्या बटण दाबून मोकळ्या होतात, तुझा फोन तेव्हा चार्जिंगला असतो.