तसबिरीखालचा मजकूर

गेल्या आषाढीच्या वाटेवर लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीत एक लहानसा वाद उपजला, त्यातून हा पाठ निघाला आहे. दिंडीची स्मरणिका छापायची होती. एका तरुण टाळकऱ्याने मोबाईलवर आलेले चित्र सर्वांना दाखवले. कागद तपकिरी पडलेला, कडा झिजलेल्या, डोईला पागोटे, मुद्रा भजनात रंगलेली. खाली मजकूर होता की, हे तुकोबारायांचे मूळ चित्र, विलायतेतील ग्रंथालयात सापडले. मंडळी हरखली. बायाबापड्यांनी त्या मोबाईललाच हात जोडले. मुखपृष्ठावर हेच घ्यायचे असे ठरून गेले. आमचे विणेकरी बुवा तेवढे म्हणाले, "माउली, कोणत्या ग्रंथालयात? कोणाच्या हातचे? कोणत्या सालचे?" उत्तर कोणापाशीच नव्हते.

बुवांनी जे तीन प्रश्न विचारले तेच आजचे शिकायचे आहेत. एक काळ असा होता की, अशा प्रश्नांची उत्तरे मिळवायला बोटीत बसावे लागे. आता तसे राहिले नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगातील मोठमोठ्या संग्रहांनी आपल्याजवळची चित्रे, पत्रे, हस्तलिखिते यांची छायाचित्रे काढून ती संगणकावर सर्वांसाठी मांडून ठेवली आहेत. यालाच डिजिटल ग्रंथालय म्हणतात. तेथे पुष्कळशा वस्तू पाहायला पैका पडत नाही की कोणाची चिठ्ठी लागत नाही. मात्र पाहावे कसे, हे शिकावे लागते.

शिवछत्रपतींच्या चित्राचेच उदाहरण घेऊ. महाराजांचे म्हणून जे चित्र एके काळी पुस्तकांतून छापले जाई, ते दुसऱ्याच एका मुसलमान सरदाराचे होते. घरोघर ते चौकटीत बसले होते. वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या युरोपीय कागदपत्रांचा धांडोळा घेऊन महाराजांचे विश्वसनीय चित्र १९३३ साली लोकांपुढे ठेवले. हे बेंद्रे म्हणजे तेच, ज्यांनी पुढे तुकोबारायांच्या चरित्रावर आणि त्यांच्या संतसांगातींवर ग्रंथ लिहिले. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ते असतील. चेहऱ्याची चूक आणि चरित्रातली चूक सुधारण्याची रीत एकच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मूळ कागद गाठायचा आणि त्याच्यावर काय लिहिले आहे ते वाचायचे.

आता आपण घरबसल्या तोच उद्योग करून पाहू. हॉलंड देशात ॲम्स्टरडॅम येथे राइक्सम्युझियम नावाचे थोर संग्रहालय आहे. त्याच्या संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत ‘शिवाजी’ असे लिहिले की एक चित्र समोर येते. चेहरा एका बाजूने दिसणारा, दाढी राखलेली. लगेच नमस्कार करून थांबू नका. चित्राच्या खाली उतरा. तेथे नोंद आहे. हे चित्र एका संग्रहपुस्तकातले, त्यात एकूण ४९ चित्रे. सुमारे १६८६ सालची, गोवळकोंड्याच्या बाजूची. मालक होता निकोलास विट्सेन, ॲम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी एक. गोवळकोंड्याचे चितारी परदेशी गिऱ्हाइकांसाठी मोगल बादशहा आणि दक्षिणेचे सुलतान यांच्या तसबिरींचे असे संच करून विकत असत, त्यांतलाच हा एक.

आता हिशेब मांडा. महाराज १६८० साली निजधामास गेले. म्हणजे हे चित्र त्यानंतर सुमारे सहा वर्षांचे. समोर बसवून काढलेले नव्हे. पण महाराज १६७७ साली भागानगरास गेले होते, कुतुबशहाची भेट झाली होती. त्या नगरात त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे तेव्हा हयात असणार. म्हणून या चित्राला वजन आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही दक्षिणेत त्याच सुमारास काढलेले महाराजांचे एक चित्र आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. कोणते नाक, कोणती दाढी दोन्हींत सारखी, कोणती केवळ त्या चिताऱ्याची लकब, हे हळूहळू उमगू लागते.

तिसरे चित्र पॅरिसला आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ या डिजिटल दालनात मनुची नावाच्या व्हेनिसकराचा चित्रसंग्रह पाहता येतो. शाहआलमच्या पदरचा चितारी मीर महंमद याच्याकडून मनुचीने ती चित्रे १६८६ च्या आधी काढून घेतली. त्यात महाराज घोड्यावर आहेत, भोवती पायदळ आहे. हा मनुची १६६५ साली जयसिंगाच्या छावणीत महाराजांना भेटल्याचे स्वतः सांगतो. चितारी मोगलांकडचा, पण गिऱ्हाईक मात्र भेटीचा दावा करणारे! असा पेच आला की घाई करू नये. नोंदवहीत दोन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात.

चित्राला कागदाची जोड दिली की आणखी उजेड पडतो. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा तेथील इंग्रज वखारीत एस्कॅलिऑट नावाचा पाद्री होता. त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे. बांधा मध्यम पण ताठ, डोळे तीक्ष्ण, वर्ण आपल्या लोकांहून उजळ. ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून ऐकले, असे तो प्रामाणिकपणे लिहितो. थेवेनो हा फ्रेंच प्रवासी १६६६ च्या सुमारास सुरतेस होता. त्याच्या प्रवासवर्णनात बांधा लहान, डोळे चपळ, पण वर्ण मात्र सावळा! वर्णाबाबत दोघांचे पटत नाही, डोळ्यांबाबत पटते. माझ्या मते डोळ्यांची साक्ष धरावी, वर्णाची सोडून द्यावी.

एक अडचण सर्वांना येते ती नावांची. इंग्रज, डच, फ्रेंच यांनी आपली नावे कानाला लागली तशी लिहिली. ‘शिवाजी’चे कोठे ‘सिवाजी’, कोठे ‘सेवाजी’. एका अक्षरलेखनाने काही न सापडले तर दुसरे घालून पाहावे. आपल्या मराठी कागदांची गोष्ट निराळी. तेथे मोडी येणाऱ्याचा पाय धरावा लागतो. पण राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांपैकी पुष्कळ, तसेच सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून छापलेले ४५ भाग इंटरनेट अर्काइव्हवर चाळता येतात, आणि ते छापील बाळबोधीत आहेत. रात्री जेवणानंतर दोन पाने वाचावीत, कोणाचा धाक नाही. चित्र उतरवून घेतले तर त्याबरोबर संग्रहाचे नाव आणि नोंदीचा क्रमांक वहीत लिहावा. मी आळसाने हे केले नाही आणि एकच चित्र तीनदा शोधत बसलो.

असो. लोणंदच्या त्या चित्राचे काय झाले?

फलटणला पोहोचेपर्यंत आमच्या टाळकऱ्याने या साऱ्या दालनांत शोधून पाहिले. कोठेच नोंद नव्हती. शेवटी त्याने चित्र मोठे करून कपड्याच्या चुण्या न्याहाळल्या, आणि त्याला वेगळीच शंका आली. त्याने ‘संत तुकाराम’ हा प्रभात कंपनीचा १९३६ सालचा बोलपट लावला आणि आम्हा सर्वांना भोवती बसवले. तासाभरात तो क्षण आला. तेच पागोटे, तीच मान. पडद्यावर विष्णुपंत पागनीस भजन म्हणत होते. कोणीतरी तेवढे चित्र उचलून त्याला तपकिरी रंग आणि झिजल्या कडा चढवल्या होत्या.

टाळकरी ओशाळला. आमच्या दिंडीतल्या एक आजी मात्र म्हणाल्या, "अरे, माझ्या देव्हाऱ्यात ह्योच हाय की! चाळीस वर्सं ह्याच्याच पाया पडते मी. उद्याबी पडणार."

बुवा हसले. म्हणाले, "पडा आजी, खुशाल पडा. चित्रही छापू. फक्त खाली पागनीसांचे नाव आणि बोलपटाचे साल घालू." तसेच छापले आहे.