पाणी डावीकडे, गळती उजवीकडे

नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं चहाला म्हणून खाली उतरतात आणि तासाभराने उगवतात. त्यावर उपाय म्हणून बंद पडलेल्या एका ऑफिसातलं चहा-कॉफीचं जुनं मशीन घेतलं. वर पावडरचे दोन डबे, मागे वीस लिटरचा जार. विकणाऱ्याने गरमागरम दोन कप पाजले आणि पैसे मोजून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलाखाली ठेवलेल्या कुणाच्या तरी राज्यशास्त्राच्या नोट्स भिजल्या. पुढच्या सव्वा महिन्यात जे कळलं ते लिहितो.

१. आधी प्लग काढा. गळतीच्या पहिल्या दिवशी मी चालू मशीनखाली हात घालून ओल चाचपत बसलो होतो. आत हीटर, टाकीत ९० अंशांच्या आसपास तापलेलं पाणी आणि खाली ओली फरशी! त्याच संध्याकाळी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं आणि ३० मिलिअँपिअरला बंद पडणारा ब्रेकर बसवला. प्लग काढला तरी टाकी बराच वेळ गरम राहते, तेव्हा घाई नको.

२. पाणी दिसतं तिथे गळत असेलच असं नाही. माझं तळं नेहमी डाव्या पायाशी साचायचं. म्हणून मी डावीकडचा पाइप बदलला, क्लिपा बदलल्या, डावीकडे जे जे होतं ते सगळं बदललं. मेकॅनिक आला आणि त्याने मशीनला हातच लावला नाही. टेबलावर एक गोटी ठेवली. ती डावीकडे घरंगळत गेली. "साहेब, कुठूनही गळलं तरी तुमचं पाणी इथेच येणार." दीड हजार रुपये टेबलाच्या उतारात गेले होते.

३. पाण्याचा रंग बघा. स्वच्छ आणि गार असेल तर जार ते टाकी या वाटेवर शोधा, म्हणजे पंप आणि पाइप. वाळल्यावर पांढरा डाग राहिला तर ते टाकीतलं किंवा व्हॉल्व्हचं गरम पाणी. दुधाळ, चिकट असेल तर पावडर आणि पाणी जिथे घुसळलं जातं तो बाउल. या शेवटच्या निदानाला मुंग्यांइतका भरवशाचा तज्ज्ञ नाही. माझ्याकडे पांढरे डागही होते आणि मुंग्याही. म्हणजे दुखणी दोन. हे तेव्हाच उमगायला हवं होतं.

४. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून प्रत्येक भागाखाली एकेक ठेवा. माझी बाउलखालची पट्टी भिजली. घुसळणाऱ्या पंख्याचा दांडा बाउलमध्ये शिरतो तिथलं रबरी सील झिजलं होतं. ते बदललं, मुंग्या गेल्या, घरी विजयाची बातमी दिली. दुसऱ्या सकाळी टेबलाखाली पुन्हा पाणी.

५. गळतीची वेळ लिहून ठेवा. हे मला फार उशिरा सुचलं. आठ दिवसांच्या नोंदी पाहिल्या तर पाणी रोज साडेआठ ते नऊच्या दरम्यानच. दिवसभर कोरडं ठणठणीत. आधी संशय आला झाडू-पोछा करणाऱ्या मावशींच्या बादलीवर. त्यांची मग माफी मागितली.

खरा प्रकार असा. रात्री टाकी गार होते, पाणी आकसतं, पातळी उतरते. सकाळी मशीन लावलं की पंप ती गार पाण्याने भरतो आणि मग हीटर तापतो. पाणी २० अंशांवरून ९० वर गेलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. तीन लिटरच्या टाकीत ते शंभर मिलिलिटर होतं, अर्धा पेला! एवढी जागा टाकीत मोकळी राहायला हवी. माझ्या टाकीत ती राहत नव्हती, कारण पातळी ओळखणाऱ्या स्टीलच्या काड्यांवर बोअरच्या पाण्याच्या क्षाराचं कवच चढलं होतं. काडीला पाणी लागलं की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि पंप थांबतो. कवचामुळे तो उशिरा थांबायचा. जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडायचं, ते बरोबरच होतं. पण त्या नळीचं तोंड ट्रेमध्ये असायला हवं, ते निसटून उजवीकडे आतल्या आत लोंबत होतं. म्हणजे ही दुसरी गळती नव्हतीच. मशीन नेकीने आपलं काम करत होतं.

६. क्षार सुरीने खरवडू नका, लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात काड्या बुडवून ठेवा. बुडबुडे येतात आणि कवच सुटतं. मग तीनदा धुवा. व्हिनेगरच्या वाटेला मी गेलो होतो, चार दिवस मुलं कॉफीला लोणचं म्हणत होती. उलट टोकही गाठू नका. अतिशुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे या काड्यांना तेही दिसत नाही.

७. आवळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. प्लास्टिकचा एक नट मी असाच तोडला. अधिक बोलत नाही.

जुनं मशीन बघायला जाणार असाल तर सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मशीन गार ठेवा, मी आल्यावरच चालू करा. मग तासभर तिथेच बसा. त्याने कॉफी विचारली तर बाहेरून मागवायला सांगा.