घटस्फोटाचा आकडा वाचताना

चि. सोनूस,


तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. भारतात घटस्फोट कमी, म्हणजे आपली कुटुंबं भक्कम, असं तू पहिल्याच पानावर लिहिलं आहेस. ते वाक्य आधी खोड.

२०११च्या जनगणनेत घटस्फोटित साधारण १३.६ लाख आहेत आणि घटस्फोट न घेता वेगळे राहणारे ३५ लाखांच्या घरात. दोन्हींकडे बायकांची संख्या पुरुषांच्या दुप्पट. लग्न तर दोघांचं मोडतं, मग हा फरक का, हे तुला खटकायला हवं होतं. पुरुष दुसरं लग्न करून ‘विवाहित’ होतो, बाई बहुतेकदा आहे तिथेच राहते.

आता नकाशा बघ. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानात घटस्फोटाचं प्रमाण अगदी कमी; मिझोराममध्ये विवाहितांच्या तुलनेत चार टक्क्यांच्या वर. म्हणून बिहारची बाई जास्त सुखी, असं म्हणशील का? ईशान्येतच, मेघालयातल्या खासी समाजात मुलं आईच्या कुळाची आणि घर धाकट्या लेकीचं. नवरा गेला तरी बाईचं छप्पर जात नाही. उत्तरेत पोरगी दूरच्या गावी दिलेली असते आणि जमीन भावांच्या नावावर. ती परत येणार कुठे?

जात आणि धर्माचे रकाने नुसते टक्केवारीसाठी भरू नकोस, त्यांच्यामागचा इतिहास वाच. आपल्याकडे अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, पिढ्यान् पिढ्या चालत होते. ब्राह्मण बाईला मात्र ती वाट नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ला आला, देशभर १९५५ला. १९५५च्या कायद्याने रूढीचा काडीमोडही मान्य ठेवला आहे, पण तो पंचांपुढे होतो, त्यामुळे कोर्टाच्या नोंदीत सापडत नाही. ख्रिस्ती पत्नीला २००१पर्यंत नवऱ्याचा व्यभिचार आणि त्यासोबत क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला नुसता व्यभिचार पुरे. आणि तोंडी तलाकविरुद्ध समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या, ती तारीख १८ एप्रिल १९६६. कायदा व्हायला २०१९ उजाडलं. त्या सात जणींविषयी वाचल्याशिवाय मुस्लिम बायकांवरचं प्रकरण लिहू नकोस.

लग्नाच्या वयाचंही तसंच. बीडमध्ये ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडप्याला. शिवाय आईबाप सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, मोठी झालेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? तिथे मुली लवकर उजवतात, ते केवळ अडाणीपणामुळे नव्हे.

तुझ्या सर्वेक्षणात मंगळसूत्र घातलेली बाई दारात येईल. लग्न झालंय, असं सांगेल आणि तू ‘विवाहित’ लिहून पुढच्या घरी जाशील. तसं करू नकोस. रेशनकार्डावर नाव कुठल्या घरी आहे, मागची दिवाळी कुठे झाली, नवरा शेवटचा कधी आला, हे विचार. मग कळेल की ती कित्येक वर्षं माहेरी भावाच्या रानात राबते आहे. कोर्टाची पायरी चढलेली नाही, कारण वकिलाचे पैसे भावाकडे मागावे लागतील आणि धाकट्या बहिणीचं लग्न अजून व्हायचं आहे. अशा बाईची नोंद आज कुठेच नीट होत नाही.

भावजय शेजारी बसलेली असताना मात्र यातलं काही विचारू नकोस. आणि फॉर्म छापायला देण्याआधी त्यात ‘परित्यक्ता’ हा वेगळा रकाना घाल.

तुझी,
मावशी