रिकामा रकाना

माझ्या कोलेस्टेरॉलच्या पहिल्या अहवालात एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, रकाना रिकामाच होता. जानेफळात एका शिबिरात रक्त तपासायला दिलं होतं. आदल्या रात्री भाचीच्या लग्नाची पंगत उशिरापर्यंत चालली होती, सकाळी गोड चहाही झाला होता. शेवटचं कधी जेवलात, हे तिथं कोणी विचारलं नाही. एकूण कोलेस्टेरॉल 234, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल 38, ट्रायग्लिसराइड्स 425. कागद बघून एकानं सांगितलं, ‘नसा बंद व्हायला लागल्या.’ त्या रात्री घरात कोणाचा डोळा लागला नाही.

रकाना रिकामा का, ते मेहकरच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात. फ्रीडवाल्ड यांचं 1972चं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, शिवाय ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करायचा. ट्रायग्लिसराइड्स 400च्या वर गेले की हे गणित भरवशाचं राहत नाही. जेवणातली चरबी ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात काही तास रक्तात फिरत असते, म्हणून भरपेट जेवणानंतर हा आकडा फुगतो.

बारा तास फक्त पाण्यावर राहून पुन्हा तपासलं. एकूण 231, एचडीएल 39, ट्रायग्लिसराइड्स 205, एलडीएल 151. म्हणजे भीती अवाजवी होती, पण दुखणं खरं होतं.

आता दोन्ही अहवालांत एकूण आकड्यातून एचडीएल वजा करून बघा. पहिल्यात 196, दुसऱ्यात 192. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिन्यांना त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं आणि जेवणानं हा आकडा फारसा हलत नाही. ज्या कागदानं आमची झोप उडवली, त्यातच खरी माहिती होती. वजाबाकी तेवढी कोणी केली नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या जुलै 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तपासणीला उपाशी राहण्याची सक्ती नाही. ट्रायग्लिसराइड्स जास्त निघाले तर मात्र उपाशीपोटी पुन्हा बघावं लागतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यानं डॉक्टरांना न विचारता उपाशी राहूच नये.

उपाशी या म्हटलं असेल, तर नऊ ते बारा तास साध्या पाण्याशिवाय काही नको. एकादशीची साबुदाणा खिचडी, भगर, शेंगदाण्याचा लाडू, दूध, चहा, यातलं काहीच चालत नाही. आदल्या दिवशी दारू घेतली असेल तरी ट्रायग्लिसराइड्स चढतात. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर काही आठवडे थांबा. आजारपणात कोलेस्टेरॉल उतरतं आणि अहवाल उगाच चांगला दिसतो. मला हा खोटा दिलासा खोट्या भीतीपेक्षा जास्त घातक वाटतो. गरोदरपणात उलट आकडे वाढतात.

अहवालाच्या कडेला छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. सर्वसाधारण माणसाला एलडीएल 100च्या आत ठीक. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या त्याच सूचनांप्रमाणे ते 55च्या खाली हवं. त्याच्या अहवालात 95 आलं तर कागद ‘नॉर्मल’ म्हणेल, डॉक्टर म्हणणार नाहीत. गोळी चालू असताना आकडा नीट आला, तर ती गोळी काम करते आहे. तेवढ्यावरून ती बंद करू नका. आणि आकडा वाढलेला दिसला तर थायरॉइड आणि साखरही तपासून घ्या, कारण मूळ कधी कधी तिथं असतं.

तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’वर जाऊ नका. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. ते आपलं यकृत तयार करतं आणि थोडं मांस, अंडी, दुधातून येतं. पाम तेल मात्र, त्यात कोलेस्टेरॉल नसूनही, एलडीएल वाढवतं.

ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना लिपोप्रोटीन (ए) या तपासणीबद्दल जरूर विचारावं. तो आकडा बहुतांशी आनुवंशिक असतो, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. आणि पोरांची कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी, अशा घरांत त्याही आधी.